एका फेरीत एकच थांबा

मंगळवारी व्हर्लिन नेपियरला न्यायचं
पायाच्या डॉक्टरकडे, हेझर्डला,
गुरुवारी डोंगरापलीकडे, मनाच्या.
व्हॅन तीच. ड्रायव्हर मीच.
मंजुरीचे नंबर मात्र दोन,
आणि फॉर्मवर ठळक छापलेलं:
एका फेरीत एकच थांबा.

सरकारी विम्याचं कार्ड आहे त्याच्याकडे, निळं,
पण कुठल्याही खिडकीतून सरकवा,
आत जातो तो अर्धाच.
मंगळवारी गुडघ्याखालचा,
गुरुवारी भुवयांवरचा.
उरलेला व्हर्लिन माझ्या मागच्या सीटवर बसून राहतो,
डोक्यावर कोळसा कंपनीची टोपी,
कंपनी बुडाली त्याला अकरा वर्षं झाली.

चौतीस मैल. बोलत नाही फारसं.
ओढ्यावरचा पूल आला की डोळे मिटतो.
पुरात भाऊ तिथूनच गेला,
फ्रीजला मिठी मारून.

मी आरशात बघतो म्हणून मला ठाऊक:
झोपेसाठी ती नवी गोळी सुरू झाल्यापासून
याची तहान भागत नाही.
हेझर्ड येईतो दोन बाटल्या पाणी संपतं,
दोनदा गाडी लावावी लागते झाडीच्या कडेला.
(हे थांबे मी कुठे लिहीत नाही.)

मंगळवारचे डॉक्टर म्हणतात,
साखर चारशे! पथ्य पाळत नाहीस तू.
गुरुवारच्या बाई विचारतात, झोप?
तो म्हणतो, येते.
बाई लिहितात: सुधारणा.
खोटं कुणीच बोलत नाही.

जखम मांडीला, मलम शेंडीला,
असं पूर्वी हसून म्हणायचे.
इथे मांडीचं बिल एका कंपनीकडे जातं, शेंडीचं दुसरीकडे,
आणि दोन्हीकडच्या बेरजा अगदी बरोबर येतात.

मार्चमध्ये दोन बोटं काढली त्याची, डाव्या पायाची.
त्या रात्री मी कार्डामागचा नंबर फिरवला.
चाळीस मिनिटं बासरी वाजली.
मग एक आवाज: आपण पेशंटचे कोण?
मी त्याला नेतो.
म्हणजे नातेवाईक?
म्हणजे नेतो, आणि परत आणतो.
असा रकाना नाही, सर.

ओनायडा फ्युगेट आली ती मे महिन्यात.
नवं पद निघालं होतं, समन्वयक,
त्याआधी ती शाळेच्या स्वयंपाकघरात हिशेब ठेवायची.
पावाच्या पिशवीत व्हर्लिनच्या सगळ्या गोळ्या घेऊन
माझ्या शेजारच्या सीटवर बसली
आणि पट्टा लावता लावता म्हणाली,
तुम्ही काय काय पाहिलंत?

नऊ वर्षं ही व्हॅन चालवतोय.
सांगितलं. तहान, झाडी, सगळं.

रेंज फक्त पुलावर येते.
तिथे गाडी उभी करायला लावली तिने,
आणि दोन्ही डॉक्टरांना एकाच फोनवर घेतलं, स्पीकर लावून.
खाली ओढा, वर दोन आवाज,
एकमेकांना प्रथमच भेटणारे, जरा अवघडलेले.
ही गोळी कधीपासून?
जानेवारी. साखर किती म्हणालात?
चारशे.
मला कुणी कळवलं नाही.
मलाही नाही.
मग मागच्या सीटवरून, खाकरत,
मला तरी कुणी विचारलं?

फोनमध्ये नुसती खरखर.
आरशात पाहिलं तर व्हर्लिनचे डोळे उघडे,
पाण्याकडे लागलेले.
त्या दगडापर्यंत दिसला होता, तो म्हणाला.
कुणालाच उद्देशून नाही.
गुरुवारच्या बाईंनी ऐकलं. मंगळवारच्या डॉक्टरांनीही.

गोळी बदलली.
बोटं अर्थातच परत आली नाहीत.
ओनायडाकडे असे एकशे ऐंशी जण आहेत
आणि तिच्या पदाला पैसे जूनअखेरपर्यंतचे.

गाडी पुलावर सतरा मिनिटं उभी होती.
संध्याकाळी फॉर्म भरायला बसलो,
थांब्यांच्या रकान्यात लिहिलं: दोन.
मंजूर होणार नाही.
खोडलं नाही.